चुलीपुढचे क्लॉज

तुम्ही गेले. ‘गेलात’ म्हण, असं तुम्ही नेहमी म्हणायचे. पुस्तकात तसं असतं म्हणे. मी कधी म्हटलं नाही आणि आता तर मुळीच म्हणणार नाही. लिहिताना ‘मले’चं ‘मला’ करते, तेवढी तुमची शिस्त पुष्कळ झाली. तुम्ही गेले, आणि माझं तपासायला आता कोणी राहिलं नाही.

काल तुमचे दादा मला साखरखेर्ड्याला न्यायला आले होते. माझी ट्रंक बांधून ओट्यावर ठेवली होती. पुढं काय झालं ते लगेच ऐकायचं असेल तुम्हाला. कीर्तनाला गेले तरी बुवांच्या आधी गोष्ट संपवायची तुमची खोड. पण यावेळी नाही. आजवर तुम्ही सांगायचे आणि मी ऐकायची. आता जरा बसा गुमान.

शाळेत तुमच्यासाठी सभा झाली. मी गेले नाही, सुतकातली बाई कुठं जाणार. शेजारचे पाठक मास्तर, तेच तुमच्या शाळेतले संस्कृतवाले, दारात उभं राहून सगळं सांगून गेले. कोण काय बोललं, कोणाचा कंठ कुठं दाटला, सगळं. हेडमास्तर म्हणाले म्हणे की तुम्ही अत्यंत शांत स्वभावाचे होते. मला एकदम हसू आलं. पदर तोंडाला लावला, पाठक मास्तरांना वाटलं मी रडते आहे, तर ते बिचारे गप्प झाले. शांत म्हणे! कोणी ‘व्हिच’च्या जागी ‘हू’ लिहिलं की तुमचं नाक लाल व्हायचं आणि खडू खिडकीबाहेर जायचा. खिडकीखाली कोणाची तरी शेळी बांधलेली असायची. तिला तुमच्याइतकं इंग्रजी व्याकरण कोणी शिकवलं नसेल.

सभेत एक गोष्ट कोणी बोललं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हती. तुम्ही मला मॅट्रिकला बसवणार होते. फाल्गुनात परीक्षा आहे. पास झाले तर इथं बुलढाण्याला मुलींच्या शाळेत जागा आहे, तसं तिथल्या मोठ्या बाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. नाही बसले तर साखरखेर्ड्याच्या घरात माजघराचा एक कोपरा. कोपरा वाईट आहे असं नाही. तुमची माणसं खाऊ घालून घालून दमवतील अशी आहेत. पण मूल ना बाळ, हाताला काम नाही, सकाळ झाली की कोपरा आणि संध्याकाळ झाली की तोच कोपरा. तो विचार केला की मला घुसमटतं. तुमच्याशिवाय हे कोणाला सांगायची सोयही नाही.

परीक्षेचं खूळ तुमचं, माझं नाही. माहेरी वडनेरला मी मराठी सातवी झाले होते, तेवढ्यावर माझं भागत होतं. लग्न होऊन इथं आले तर तुम्ही पहिल्याच महिन्यात चुलीपुढं पाट टाकून इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली. मी म्हटलं, “मले काय कराचं हाय इंग्रजी? भाकरी का इंग्रजीत फुगते?” तुम्ही म्हणाले, “भाकरीचं माहीत नाही. तू फुगतेस तेवढं पुष्कळ.” तुम्हाला असं बोलता यायचं, पण फक्त घरात. बाहेर तुम्ही मास्तर.

पुढं पुढं मला कळलं की तुम्ही मला शिकवत नव्हते, माझ्यावर वर्गाचा धडा करून बघत होते. दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांना जे सांगायचं ते आदल्या संध्याकाळी माझ्यापुढं. मी चुलीवर कालवण हलवते आहे, तुम्ही पाटावर बसून मोठ्यानं क्लॉज फोडताय. मला कळलं तर वर्गाला कळेल, हा तुमचा हिशोब. एकदा मी चिडलेच. “म्हंजे साऱ्या वर्गात मीच बह्याड का?” तुम्ही म्हणाले, “बह्याड नाही गं, हट्टी. हट्टी माणसाला पटलं की सगळ्यांना पटतं.” मी ती स्तुती समजले. अजूनही समजते.

पण क्लॉजपाशी गाडी अडली. नाम, क्रियापद, सगळं मी गिळलं होतं. वाक्याच्या पोटात वाक्य, हे काही गळी उतरेना. एक मुख्य वाक्य, एक गौण. गौणाचे परत तीन प्रकार, कोणी नामाचं काम करतो, कोणी विशेषणाचं, कोणी क्रियाविशेषणाचं. मी म्हणायची, “एका म्यानात दोन तलवारी कायले कोंबता? दोन वाक्यं करा ना सुटी!” तुम्ही कपाळाला हात लावायचे. वर्गातही तेच चाललं होतं. नागपूरच्या परीक्षेला वाक्य फोडून दाखवायचा प्रश्न हमखास येतो आणि आपली गावाकडची पोरं तिथंच आपटतात, हे तुम्हाला खात होतं. तुम्ही स्वतः पहिल्या खेपेला तिथंच आपटले होते, हे मला दादांकडून कळलं, तुमच्याकडून नाही.

मग ते सखूचं झालं. हे मी कोणालाही सांगत नाही, कारण सांगताना मला हसू येतं आणि सध्या हसलेलं लोकांना चालत नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आदल्या दिवशी तुम्ही दुधावरून गवळणीशी वाद घातला होता. सकाळी सखू दूध घालायला आली आणि तुम्ही आत दाढी करत होते. मी तिला दबक्या आवाजात म्हटलं, “सखू, ज्यायनं काल तुह्या दुधात पानी हाय म्हनलं, ते आज घरीच हायेत. नीट माप घाल.” नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही, मग बाई दुसरं काय म्हणणार? तर तुम्ही अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, वस्तरा हातात घेऊन ओट्यावर धावत आले. “परत म्हण! परत म्हण!” सखूनं वस्तरा पाहिला आणि तिच्या हातातलं माप खालीच पडलं. “मास्तर, तुमच्या गळ्याची आन, पान्याचा एक थेंब नाई!” आणि तुम्ही तिच्याकडं न बघता मला विचारताय, “ज्यांनी काल दुधात पाणी आहे म्हटलं, ते. यातलं विशेषण कोणतं?”

मला तेव्हाच कळलं. अगदी लख्ख कळलं. जन्मभर मी तेच तर करत होते. माझी आई तेच करत होती. आमच्या वडनेरातली एकही बाई नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, तरी कोणाचा नवरा कोणता यात कधी घोटाळा होत नाही. जे मलकापूरच्या बाजाराले गेले ते. ज्यायचा बैल लंगडते ते. सारं गाव ॲडजेक्टिव्ह क्लॉजवर चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. सखू त्या दिवशी दूध जास्तीचं घालून गेली.

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण तुम्ही तो धडा वर्गात नेला. पोरांना विचारलं, “तुमच्या आया तुमच्या वडलांचं नाव घेतात का?” नाही म्हणाले सगळे. “मग कसं सांगतात?” पोट्टे आधी लाजले, आणि मग जे सुटले! ज्यायची चिलीम हरवली ते. जे बैलावर बोंबलून राह्यले ते. जे जेवाले बसले की मीठच मागतात ते. तुम्ही एकेक वाक्य फळ्यावर इंग्रजीत लिहीत गेले आणि म्हणे त्या तासाला शेळीसुद्धा शांत होती. संध्याकाळी घरी आले तेव्हा तुमच्या टोपीवर खडूची पूड होती आणि जेवताना तुम्ही आमटी दोनदा मागून घेतली. मी तुम्हाला तितकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याचं फळ डेप्युटी साहेबांच्या तपासणीला मिळालं. साहेबांनी एका पोराला उठवून वाक्य विचारलं. पोरगं उभं राहून म्हणालं, “द मॅन हू इज अँग्री विथ माय मदर इज ईटिंग.” साहेब म्हणाले, हा माणूस कोण? पोरगं गप्प. दुसऱ्याला उठवलं, त्यानं बैलावर बोंबलणारा माणूस सांगितला. तिसऱ्यानं मीठ मागणारा. वाक्यं सगळी बिनचूक, पण साऱ्या वर्गाच्या इंग्रजीत एकाही माणसाला नाव नव्हतं. साहेबांना वाटलं, ही बुलढाण्याकडची काही गुप्त भाषा आहे.

आणि मग तो चिलीमवाला देशमुख. पोट्ट्यांनी त्याला भर रस्त्यात “द मॅन हूज पाइप इज लॉस्ट” म्हणून हाक मारायला सुरुवात केली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्याला काहीतरी म्हणतात एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. तो सरळ हेडमास्तरांकडं गेला. घरातल्या बायामाणसांचं बोलणं शाळेत कशाला आणता, म्हणून हेडमास्तरांनी तुम्हाला झापलं. तुम्ही घरी येऊन टोपी खुंटीवर आपटली. “हे सगळं तुझ्यामुळे!”

“माह्यामुळे काऊन? मी तं दुधाचं बोलून राह्यली होती!”

तुम्ही चार-पाच दिवस माझ्याशी नीट बोलले नाही. पुस्तकातली निर्जीव उदाहरणं परत वर्गात घेऊन गेले. पण त्या वर्षी ती पोरं त्या प्रश्नाला अडली नाहीत. देशमुखाचं पोरगं तर इंग्रजीत उत्तम सुटलं. तुमच्या तिरडीला खांदा द्यायला तोच देशमुख सगळ्यांच्या पुढं होता. हे तुम्हाला माहीत नसणार, म्हणून सांगितलं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते मिटलं नाही. तुमचं म्हणणं, जे एकटं उभं राहतं ते मुख्य वाक्य. ‘मला माहीत आहे’ हे एकटं उभं राहतं. ‘की मामा वारले’ हे राहत नाही, त्याला टेकू लागतो, म्हणून ते गौण. मला हे आजवर पटलेलं नाही. मी म्हणायची, “कोनी दारात येऊन नुसतं ‘मले माहीत हाय’ म्हनलं, तं त्याले काय करू मी? पाट देऊ का पानी देऊ? मामा मेला, हे खरं वाक्य. मानूस गेला अन् तुम्ही त्याले गौण म्हनता!”

तुम्ही म्हणायचे, “व्याकरणात माणूस नसतो, वाक्य असतं.”

“मंग ते व्याकरण तुमच्यापाशीच ठेवा.”

मग तुम्ही दुसऱ्या बाजूनं यायचे. होळीला मी पुरणपोळ्या लाटत होते, तेव्हा म्हणाले, “हे बघ. पोळी नसेल तर पुरण सांडेल. पोळी म्हणजे मुख्य वाक्य.” मी लाटणं खाली ठेवलं. “अन् पुरनाबिगर पोळी कोन सनाले करते?” मला वाटलं जिंकले. पण तुम्ही ताटातली पोळी संपवली, हात धुतले, आणि म्हणाले, “पुरण जास्त महत्त्वाचं असेल. मुख्य नाही.” महत्त्वाचं आणि मुख्य यात फरक काय, हे मी विचारलं, तुम्ही म्हणाले उद्या सांगतो. तो उद्या राहिलाच. तुम्ही विसरले असाल, मी नाही विसरले.

मग थंडीत तो ताप आला आणि छातीत भरलं. दवाखान्याचे डॉक्टर दोन वेळा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. मी आत आले. तुम्ही डोळे उघडून विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

मी म्हटलं, “डॉक्टर म्हणाले की ताप उतरेल.”

तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “डॉक्टर काहीतरी म्हणाले, एवढं खरं.” आणि डोळे मिटून घेतले. तोंडावर जरासं हसू होतं, की तो दम लागण्याचा वेडावाकडा चेहरा होता, मला ठरवता येत नाही. मी रोज ठरवते आणि रोज मोडते. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर आपण दोघांनी मिळून एक नाटक केलं. कळलं नसेल तर मी एकटीनं केलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही. वेळ आली तर परत तेच सांगीन. पण तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतं. बघा, ‘डॉक्टर म्हणाले’ला कोण विचारतं, ‘ताप उतरेल’ हे पुरणच मुख्य निघालं की नाही, असं मला म्हणता आलं असतं. तुमच्यासारख्या माणसाशी वाद जिंकायचा आणि तो माणूस समोर नसावा, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

तुम्ही गेल्यावर लोकांनी मला पुष्कळ समजावलं. पाठक मास्तर तर उपमा घेऊनच आले. म्हणाले, “वहिनी, मुख्य वाक्य गेलं. आता गौण वाक्यानं दुसरा आधार शोधायला हवा. दादांकडं जाणं बरं.” मोठ्या आवाजात म्हणाले, ओट्यावरच्या चार बायकांनाही ऐकू जावं असं. तुम्ही असते तर नाक लाल झालं असतं. मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही संस्कृतच शिकवा. बायकांचं विश्लेषण तुम्हाले जमनार नाई.” बायका पदरात हसल्या. पाठक मास्तर मनाचे वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पिठलं-भाकरी आली.

पण ते बोलून मी काही सुटले नाही. वडनेरहून माझा भाऊ आला, तो म्हणाला सासरच्या माणसांचं मन मोडू नको. मोठ्या बाई म्हणाल्या, परीक्षेला बस, पण घरच्यांची परवानगी घे. घरचे म्हणजे दादा. आणि दादांपुढं मी कधी बोललेच नव्हते. भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, भावजयीनं पदर पुढं ओढून चौकटीआड उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. इतकी वर्षं मी त्यांचे पाय पाहिले, आवाज ऐकला, पण तोंड वर करून एक शब्द बोलले नाही. काही सांगायचं तर तुमच्यामार्फत. आता तुम्ही नाही, तर मार्फत कोण?

म्हणून मी ट्रंक बांधली. तुमची पुस्तकं खाली घातली, वर लुगडी. पुस्तकं नेऊन तिथं काय करणार होते, विचारू नका.

काल दादा सकाळच्या मोटारीनं आले. ओट्यावर बसले, चहा घेतला. किती खंगले आहेत तुमचे दादा. फेट्याखाली चेहरा एवढासा झाला आहे. मी चौकटीआड उभी. ते ट्रंकेकडं बघत म्हणाले, “बाई, तयारी झाली का? दुपारची मोटार धरू. इथं एकटी कोनाच्या भरवशावर राहणार?”

मग कसं तोंडातून निघालं माहीत नाही. “दादा, फाल्गुनात परीक्षा हाय.”

दादा दचकलेच. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला असावा. “कसली परीक्षा?”

सांगितलं. त्यांच्या भावाची इच्छा होती तेही सांगितलं. शाळेतली जागा सांगितली. दादांनी सगळं ऐकलं आणि डोकं हलवलं. “नको बाई. वर्षसराध नाही झालं अन् बाई परीक्षेला बसली म्हनतील. मला गावात तोंड दाखवायचंय. तुला काही कमी पडू देनार नाही मी. त्याच्या वाटनीचं आहे ते तुझंच हाय.” ते खरं बोलत होते. वाईट माणसाशी भांडता येतं हो.

मी आत जाऊन भाकरी टाकली. दादा जेवले. हात धुऊन परत ओट्यावर बसले, पान लावलं. मोटारीला अवकाश होता. मग त्यांनी आपणच विचारलं, “त्यो गावाकडं यायचा तवा बी तेच. वावरात धुऱ्यावर बसून क्लाज, क्लाज. आम्ही ज्वारी खुडतोय अन् ह्यो हवेत बोटं फिरवतोय. काय असतं गं ते? मला त्यानं कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.”

मला वाटलं, आता निघायच्या वेळी काय सांगत बसू. पण तुम्ही लावलेली सवय. विचारलं की सांगायचं. मी चौकटीआडूनच म्हटलं, “दादा, एकाद्याबद्दल सांगायचं, पन नाव नाई घ्यायचं. मंग कसं सांगसान? ‘जो’ म्हनून सुरू करा. जो अमुक करते, तो अमुक हाय. त्यातलं ‘जो’वालं जे बोलनं, ते क्लॉज.”

“मंजे, जो बैल डाव्या अंगाला चालतो, तो म्हातारा झाला?”

“हाव. बरोबर.”

“येवढंच?” दादा हसले. मग पान चघळत समोरच्या रस्त्याकडं बघत बसले. रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती. मला वाटलं विषय संपला. मग ते रस्त्याकडंच बघत, सावकाश, शब्द शोधत म्हणाले, “जो माझ्या आधी गेला, तो माझ्याहून धाकटा व्हता.”

मी चौकट सोडून बाहेर आले. रीत वगैरे काही सुचलं नाही. दादांनी माझ्याकडं वर बघितलं, वर्गातल्या पोरानं बघावं तसं. “चुकलं का?”

“नाही दादा. बरोबर आहे.”

ते रडत नव्हते आणि मीही रडत नव्हते. नंतर मी रडले, पोटभर रडले, तुम्ही गेल्यापासून रडले नव्हते तेवढं. पण तेव्हा नाही. तेव्हा दादा म्हणाले, “हे त्याच्या भाषेत सांग.” मी सांगितलं, “ही हू वेंट बिफोर मी वॉज यंगर दॅन आय.” परत सांग म्हणाले. परत सांगितलं. त्यांनी ओठ हलवून बघितले, जमलं नाही. मग मी तुमच्यासारखे तुकडे पाडून दिले. ही हू वेंट. बिफोर मी. दादा माझ्यामागून म्हणत होते. पाठक मास्तर शेजारच्या ओट्यावरून बघत होते, त्यांना बघू दिलं.

शेवटी दादांनी फेटा सारखा केला. ट्रंकेपाशी गेले, दोन्ही हातांनी उचलली आणि ओट्यावरून आत नेऊन ठेवली, दोरी सोडून झाकण उघडलं. “पुस्तकं खाली अन् लुगडी वर घातली व्हय? उलटं कर.” मग उंबऱ्यात थांबून म्हणाले, “ज्वारी पाठवतो. परीक्षा झाली की कळव. पास हो, नापास हो, कळव. गावाचं मी बघतो.” मी वाकून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

पाठक मास्तर त्यांना मोटारीपर्यंत सोडायला गेले होते. परत आल्यावर दारात उभं राहून म्हणाले, “मोठा धीराचा माणूस. मोटार सुटेपर्यंत डोळे मिटून जप करत होता.”

मी त्यांना काही सांगितलं नाही. तुमच्या दादांना आता इंग्रजीतलं एकच वाक्य येतं, आणि ते तुमच्याबद्दल आहे.